राखीच्या घरचं वाय-फाय

जगदेवची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी त्याच्यावर ओरडत होते.

तो आमच्या आणि काकांच्या गच्चीमधल्या कठड्यावर उभा होता. खांद्यावर काळ्या वायरचं भेंडोळं, दातात धरलेले दोन खिळे आणि मागे डिसेंबरचं कोवळं ऊन. मी दोन-दोन पायऱ्या एकदम चढत वर आले होते. केस सुटलेले, हातात मार्कर तसाच उघडा.

"उतरा खाली पहिले," मी म्हटलं. "चालू क्लास बंद पाडला तुमी माहा."

त्यानं दातातले खिळे काढून खिशात टाकले. अगदी सावकाश. "मॅडम, मी आत्ताच चढलो. वायरले अजून हातबी नाई लावला."

"मंग नेट काहून गेलं?"

"तेच पाहाले तं आलो."

मला उत्तर सापडलं नाही की माझा राग वाढतो. अनसिंगच्या घरात बसून मी पुण्याच्या एका ऑनलाइन क्लाससाठी नववी-दहावीला गणित शिकवते. त्या सकाळी 'कर्णाचा वर्ग म्हणजे' इथपर्यंत आले आणि पडदा थिजला. माझं तोंड आ वासलेलं. चौतीस पोरांनी चार मिनिटं तो आ पाहिला, आणि नाशिकच्या एका कार्टीनं त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. हे मी त्याला सांगितलं. सांगायला नको होतं, कारण तो हसला.

"नाव सांगा तुमचं. तक्रार कराची हाय."

"जगदेव."

"आजोबाचं नाव नको. तुमचं सांगा."

"आजोबाचंच हाय. मले देल्लं." त्यानं खांद्यावरचं भेंडोळं सावरलं. "अन् तुमचं? तक्रारीवर लिहा लागन ना."

आता आली का पंचाईत. "चतुरा," मी म्हटलं.

"हे आजीचं?"

"…हाव."

आम्ही दोघंही एकदम दुसरीकडे पाहायला लागलो. मी शेताकडे, तो खांबाकडे. मग तो पुन्हा हसला, या वेळी मान खाली घालून, आणि ते हसणं मला आवडलं. हे आत्ताच सांगून टाकते, कारण यापुढे बराच वेळ मी नुसती जळतेच आहे.

*

मुळात ते नेट आमचं नव्हतंच. ते राखीचं होतं.

राखी माझी चुलतबहीण, माझ्याहून वर्षाने लहान. आमचं आणि काकांचं घर एका भिंतीनं जोडलेलं, दारं मात्र वेगळी. कनेक्शन काकांच्या नावावर, राऊटर काकांच्या बैठकीत टीव्हीशेजारी. आम्हाला वेगळं कनेक्शन हवं होतं, पण खांबावरच्या डब्यात जागा उरली नव्हती. तेव्हा माझा कॉम्प्युटर मागच्या खोलीत बसून भिंतीपलीकडचं वाय-फाय पकडायचा, आणि दिवाळीपर्यंत ते नीट पकडतही होता. दिवाळीनंतर त्याला काय झालं कोण जाणे. दहा मिनिटं चालायचं, पाच मिनिटं जायचं.

तक्रार करायची तर ती कनेक्शनला जोडलेल्या फोनवरूनच जायची, आणि तो फोन राखीकडे. म्हणजे माझं नेट गेलं की मी भिंतीवर थाप मारायची, राखीनं फोन लावायचा, वाशिमहून जगदेवनं गाडी काढायची आणि यायचं ते राखीच्या घरी. तिथं नेट अगदी झकास चालू असायचं. मग तो चहा प्यायचा आणि निघून जायचा. दुखणं माझं, आणि वैद्य रोज शेजारी जेवतोय.

आता राखीबद्दल सांगते. खरं सांगायचं तर ती वाईट नाही. हसली की तिच्या गालाला खळी पडते, त्यात तिची काही चूक नाही. चहा ती असा करते की आमचे बाबासुद्धा आईचा चहा टाळून तिकडे जातात. लहानपणापासून एका ताटात जेवलो आम्ही, एका पांघरुणात झोपलो. तिच्यावर जळायचं मला कधी कारणच पडलं नव्हतं.

त्या महिन्यात पडलं. माझ्या खोलीची एक भिंत त्यांच्या मागच्या खोलीला लागून आहे, आणि पुढच्या बैठकीतला आवाज तिथवर येतो. मी इकडे समीकरणं सोडवायची आणि तिकडून हसण्याचा आवाज यायचा. आधी त्याचा, मग तिचा. दोघांचा एकदम आला की माझं उत्तर हमखास चुकायचं. एकदा तर मी पोरांना सात गुणिले आठ चोपन्न सांगितलं.

"जगदेवले माह्या हातचा चहा लय आवडते," संध्याकाळी राखी सांगायची. "दोन कप पेला आज."

"तहान लागली असन."

"मले ताई म्हणते तो. राखीताई. किती आपुलकीनं बोलते, पाय."

आणि मला? मला मॅडम. मी त्यावर दोन रात्री विचार केला. ताई म्हणजे घरातलं माणूस. मॅडम म्हणजे ग्राहक, मॅडम म्हणजे सही करा आणि चला. राखी त्याच्या घरची झाली होती आणि मी अजून तक्रार नंबर होते. गणित शिकवणाऱ्या बाईनं असा हिशेब मांडावा, याचं मला आज हसू येतं. तेव्हा डोळ्यात पाणी आलं होतं.

एके दिवशी मला राहवलं नाही. वाटी घेऊन मी साखर मागायला काकांकडे गेले. घरात साखरेचा डबा काठोकाठ भरलेला होता, पण ते असो. जगदेव खुर्चीवर बसला होता, मला पाहून ताडकन उठला. कप हिंदकळला, चहा पँटवर सांडला.

"मॅडम… नेट चालू हाय ना तुमचं?"

माणूस दिसला की पहिला प्रश्न नेटचा. राखीला कधी विचारलं का यानं नेट चालू आहे का म्हणून?

"चालू हाय," मी म्हटलं. ते बंद होतं. वाटी रिकामीच घेऊन मी परत आले.

*

मग एका दुपारी राखी आणि काकू वाशिमला कापड घ्यायला गेल्या, आणि त्यांच्या दाराला कुलूप पाहून जगदेव आमच्या दारात आला. आईनं त्याला थेट माझ्या खोलीत आणून सोडलं आणि ती तूर पाखडायला अंगणात निघून गेली.

त्यानं कॉम्प्युटरच्या मागे वाकून पाहिलं. तिथं बोटाच्या पेराएवढी काडी लावली होती, तीच वाय-फाय पकडायची. "काडी चांगली हाय," तो म्हणाला. मग फोन हातात धरून तो पुढच्या खोलीत गेला आणि तिथून एकेक पाऊल मोजत माझ्याकडे यायला लागला, डोळे फोनच्या पडद्यावर. मी दारात उभी. तो माझ्याकडे बघत नव्हता, तरी मी पदर… नाही, ओढणी नीट केली.

मधल्या खोलीत तो थबकला. दोन पावलं मागे गेला. परत पुढे आला. मग त्यानं मान वर केली आणि समोरच्या थप्पीकडे पाहिलं.

"हे कवापासून हाय इथी?"

"सोयाबीन? दिवाळीपासून. भाव नाई म्हणून बाबानं विकलं नाई."

साठ कट्टे होते, गच्च भरलेली पोती, भिंतीला लागून जवळजवळ छतापर्यंत रचलेली. त्यानं फोन माझ्यापुढे धरला. थप्पीच्या अलीकडे सिग्नलच्या चार काड्या, थप्पीच्या पलीकडे एक, आणि तीही मरायला टेकलेली.

"मॅडम, तुमचं नेट सोयाबीन खाऊन राह्यलं."

मला आधी वाटलं थट्टा करतोय. पण तसं नव्हतं. एवढी मोठी थप्पी मध्ये आली की सिग्नल त्यात जिरून जातो, असं त्यानं समजावलं. मी आजवर राऊटर बदला म्हणून भांडले, हवामानाला शिव्या दिल्या, राखीला दिल्या, आणि चोर आमच्याच घरात भिंतीला टेकून बसला होता.

बाबा शेतातून आले तेव्हा त्यानं त्यांनाही सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं, पाणी प्याले. "भाव आल्याबिगर एक कट्टा हालनार नाई," ते म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

"मंग वायरच टाका लागन," जगदेव मला म्हणाला. "राऊटरपासून थेट तुमच्या कॉम्प्युटरपर्यंत. मागं वायरची जागा हाय, पाहा, धूळ बसली फक्त."

"अन् वायर टाकली की?"

"मंग काईच झंझट नाई. चार-पाच वर्षं पाहाचं काम नाई."

"म्हणजे तक्रार…"

"तक्रारच नाई राहनार." हे तो आनंदानं म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा जरा उतरला. की मला तसं वाटलं?

"राहू द्या," मी म्हटलं. "वाय-फायच ठीक हाय."

"मॅडम, दहा मिनिटाले जाते तुमचं नेट."

"जाऊ द्या."

"अन् क्लास?"

क्लासवाल्यांनी मला आदल्याच आठवड्यात कळवलं होतं की आणखी एकदा क्लास तुटला तर जानेवारीची तुकडी दुसऱ्या कुणाला देऊ. पण खोटं कशाला बोलू, माझं मन त्या कारणानं वळलं नाही. माझ्या डोक्यात दुसरंच आलं. वायर पडली तर तो माझ्याकडे येणार नाही, हे खरं. पण मग तो राखीकडेही येणार नाही.

"टाका वायर," मी म्हटलं.

*

तो रविवारी सकाळी आला. वायर त्यानं हातांनी मोजली. दोन्ही हात पसरायचे, छातीवरून एक वाव, मग दुसरी, मग तिसरी. अकरा वाव झाली. मी उगीचच मोजत होते.

मी चहा केला. त्यात साखर टाकायची विसरले, ते मला नंतर कळलं. त्यानं तो शेवटच्या थेंबापर्यंत प्याला.

दोन घरांमधल्या भिंतीला जुन्या टीव्हीच्या वायरचं भोक होतंच. तिथून वायर आमच्या बाजूला आली, पण मधल्या खोलीत थप्पी आडवी. मग तो कट्ट्यांवर चढला, छत आणि कट्टे यांच्यामधल्या हातभर जागेतून पोटावर सरकत आला. मी या बाजूला स्टुलावर उभी, हात वर केलेला. आधी वायरचं टोक आलं, मग त्याचा हात, मग सोयाबीनच्या धुळीनं माखलेलं त्याचं तोंड. माझ्या तोंडापासून वीतभर.

त्याला शिंक आली. मला हसू आलं.

"धरलं ना?" त्यानं विचारलं.

"धरलं."

"सोडू का मंग?"

"…थांबा जरा."

थांबायचं काहीही कारण नव्हतं. तो थांबला. त्याच्या पापण्यांवर सुद्धा धूळ होती आणि ती पुसावी असं माझ्या हाताला फार वाटत होतं. मी दोन्ही हातांनी वायर धरून ठेवली.

"चतुरे, चहा आणला गं," मागून राखीचा आवाज आला. मी स्टुलावरून जवळजवळ पडलेच.

राखीनं आलं घालून चहा केला होता. नवा ड्रेस घातला होता, केस धुतले होते. रविवारी सकाळी दहाला. जगदेव खाली उतरला, हात झटकले, कप घेतला. "वा, ताई. बराबर साखर." मी त्याची तार दाबायची पकड उचलून भुईवर ठेवली, जरा जोरात.

ती गेल्यावर त्यानं वायरचं टोक सोललं. आत आठ बारीक तारा निघाल्या, रंगीबेरंगी. त्यानं त्या ओळीनं लावल्या, क्लिपमध्ये सारल्या, पकडीनं दाबल्या. बोटं जाड होती, पण चुकत नव्हती. मी बाजूला बसून पाहत होते आणि मनात राखीशी भांडत होते.

"लावा तुमी," त्यानं क्लिप माझ्या हातात दिली.

मी कॉम्प्युटरच्या मागे हात घातला. टक्कन आवाज झाला. पडद्याच्या कोपऱ्यातलं पंख्यासारखं चिन्ह गेलं आणि त्या जागी वायरचं, छोट्या पडद्यासारखं चिन्ह आलं. मी एक व्हिडिओ लावला. तो क्षणभरही न अडखळता सुरू झाला.

"आता ती काडी काढून टाका," तो म्हणाला. "वाय-फायबी बंद करून टाका."

"राहिलं चालू तं काय होते?"

"होत काई नाई. पण एक पक्कं भेटल्यावर दुसरं कायले शोधाचं?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो वायरचे तुकडे गोळा करत होता. हे मला उद्देशून होतं, वायरला, की राखीला? जाताना त्यानं माझ्या वहीच्या कोपऱ्यावर एक नंबर लिहिला.

"काई अडचन आली तं डायरेक्ट मले लावजा. ताईले तकलीफ नको."

ताईला तकलीफ नको. तिची किती ती काळजी. वहीचं ते पान मी फाडलं नाही, पण वही मिटून कपाटात टाकली.

*

असं नेट वैऱ्यालाही मिळू नये. सकाळी चालू, दुपारी चालू, गावात लाईट आहे तोवर चालूच. नववीची पोरं प्रमेयं पाठ करून मोकळी झाली. जानेवारीची तुकडी मला मिळाली, आणि मी तिकडे भिंतीकडे कान लावून बसले. तिकडूनही काही आवाज नव्हता. जगदेव कुठंच येत नव्हता. मला वाटलं होतं की राखीकडे गेला नाही तर माझा जीव शांत होईल. झाला नाही.

तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी, काकू हसत आमच्याकडे आली. किन्हीराजाहून एक मामा येऊन गेला होता. भाच्यासाठी पोरगी पाहतोय. "अन् भाचा कोण ठाव हाय का? आपला नेटवाला. जगदेव. रविवारी पाहाले येऊन राह्यले राखीले."

आईनं साखर तोंडात घातली तिच्या. मी म्हटलं, "वा."

मला राखीचा राग आला. एवढा राग मला आजवर कुणाचाच आला नव्हता, आणि तिनं काहीही केलेलं नव्हतं. तिची खळी, तिचा चहा, तिचा तो ओल्या केसांचा रविवार, सगळं मला आठवत होतं आणि टोचत होतं. संध्याकाळी ती आली आणि खाली बघत म्हणाली, "माह्या साडीच्या निऱ्या तूच घालून देजो." मी हो म्हटलं. नाही म्हणायला तोंड कुठं होतं?

शुक्रवार मी कसाबसा काढला. शनिवारी सकाळी कपाटातून वही काढली आणि नंबर लावला.

"कोण?"

"चतुरा. नेट बंद हाय."

"वायरवर? असं होऊ नाई शकत… येतो मी."

पाऊण तासात तो दारात होता. नुकतीच कटिंग केलेली, मानेवर पावडर. रविवारची तयारी. ते पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्यानं कॉम्प्युटर पाहिला, क्लिप ओढून पाहिली, कोपऱ्यातलं चिन्ह पाहिलं. व्हिडिओ लावला. तो भरधाव चालला.

"नेट तं चालू हाय."

"मले माहीत हाय."

"मंग बलावलं काहून?"

"उद्या राखीले पाहाले येऊन राह्यले ना तुमी. पाहा. मस्त पोरगी हाय, चहा तं एक नंबर करते. फक्त एक सांगून ठेवतो… लग्नानंतर आमच्या घरी पाय ठेवजा नका. मले नाई पाहावनार. तुमी तिले हसवता अन् मी इथी भिंतीकडं पाहत बसतो. महिना झाला, मले एक गणित धड सुटत नाई. बस. एवढंच सांगाचं होतं. जा आता."

सगळं एका दमात बोलून झालं आणि मग मला कळलं मी काय बोलले. जगदेव हातातली वायर तशीच धरून उभा होता.

"राखीले?" तो म्हणाला.

"मंग कोणाले?"

"मी तं…" त्यानं केसांतून हात फिरवला, सगळी कटिंग बिघडवली. "मी मामाले म्हटलं, अनसिंगची पोरगी हाय. तुमचं नाव घ्याले लाजलो. गणित शिकवते. तुमी घरात किती जन, बाबाचं नाव काय, मले कुठी ठाव? तक्रारीवर जो पत्ता होता तोच देल्ला."

तक्रारीवरचा पत्ता काकांचा होता. कनेक्शन काकांच्या नावावर, म्हणून स्थळही काकांच्या दारात. मामा जुन्या वळणाचा, पहिल्या बैठकीत पोरीशी बोलणं त्याला बरं दिसत नाही. पोरगी पाणी घेऊन आली, चहा ठेवून गेली, मामानं मान हलवली आणि बोलणी झाली.

"मामा घरी येऊन म्हणे, पोरगी चहा लय भारी करते," जगदेव म्हणाला. "मी म्हटलं, शिकली असन बिचारी."

मी हसले नाही. हसायला आलं होतं, पण आधी दुसरं विचारायचं होतं. "तिच्या घरी बसत होते ना तुमी. तास-तास."

"दुसरं कुठी बसू? तक्रार तिकडची, दार तिकडचं. तुमी कवा बोलावलं?"

"तिले ताई म्हणता. मले मॅडम."

"मंग तुमाले ताई कसं म्हणू?" हे तो इतक्या हळू म्हणाला की मी एक पाऊल पुढे गेले. "…तुमाले नाई म्हणू शकत मी ताई."

बाहेर आईचं सूप वाजत होतं. मी त्याच्या हातातली वायर काढून घेतली, कारण तो ती उगीचच पिळत होता, आणि वायर घेतली तरी हात तिथंच राहिला. किती वेळ, ते मी मोजलं नाही.

"मामाले फोन लावतो," शेवटी तो म्हणाला. "आत्ताच सांगतो."

"नाई." मी त्याचा फोनकडे जाणारा हात अडवला. "मामा काकाले सांगन, काका गावाले सांगन. राखीले नाकारलं, असं होईन. तिले पहिले मी सांगीन."

*

राखी उद्याच्या साडीला इस्त्री करत होती. जांभळी, बारीक काठाची. मी दारातच उभी राहून सगळं सांगितलं. पत्ता, मामा, तक्रार. माझं आणि त्याचं सगळ्यात शेवटी सांगितलं. ती इस्त्री फिरवत राहिली.

"मले ठाव होतं," ती म्हणाली.

"काय?"

"मामा जाता जाता बाबाले म्हणे, आमचा पोरगा म्हणते, पोरगी गणितात लय हुशार हाय. बाबा हसले, त्याईले वाटलं पाहुणा गोड बोलून राह्यला." तिनं साडीची घडी उलटवली. "मी दहावीत गणितात दोनदा लटकली, चतुरे. तवाच समजलं का हे स्थळ कोणाचं हाय."

"मंग बोलली काहून नाई?"

"तू बोलली काय? महिनाभर वाटी घेऊन फिरत होती, साखर पायजे म्हणे." तिनं इस्त्री उभी केली. "तो इथी बसला का दर दहा मिनिटाले विचारे, त्या बाजूनं नेट कसं चालू हाय? मॅडम चिडल्या नाई ना? मी त्याले हसवत होती, म्हणजे घडीभर तरी तुह्यं नाव निघू नये. अन् ज्या दिवशी तुमी वायर टाकली ना, त्या दिवशी चहा ठेवून मी घरी आली अन् भिंतीले कान लावून बसली. टक् आवाज झाला, तोबी मले ऐकू आला."

त्या भिंतीला महिनाभर मी कान लावला होता. पलीकडून आणखी कुणाचा असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

"मामा आला तवा वाटलं," ती म्हणाली, "चुकून का होईना, आला तं माह्या दारात. दोन दिवस राहू देल्लं मी तसंच. दोन दिवसच."

मला तिच्या गळ्यात पडायचं होतं, पण तिनं हातानंच थांबवलं. "बाबाले मी सांगीन. म्हणीन, मले पोरगं पसंत नाई, चतुराले दाखवा. मीच नाई म्हटलं असं होईन, त्यानं नाई."

"पण तुले तं पसंत…"

"हाय पसंत. म्हणून तं येवढं करून राह्यली." तिनं साडी उचलून छातीशी धरली. "अन् साडी माही हाय. ते नाई देणार तुले."

काकांनी खूप आरडाओरडा केला. चांगलं चालून आलेलं स्थळ, आणि पोरगी म्हणते पोराचे कान मोठे आहेत. राखीनं कानांवरून ठाम भूमिका घेतली. शेवटी काका आमच्याकडे आले, बाबांना म्हणाले, तुझी पोरगी दाखव, पाहुण्याला रिकाम्या हातानं परत पाठवायचं का? बाबांना हे सगळं तेव्हाच पहिल्यांदा कळत होतं. त्यांनी पाणी मागितलं.

रविवारी पाहुणे आमच्या बैठकीत बसले. मामानं मला पाहून जगदेवकडे पाहिलं, जगदेवनं खाली पाहिलं, आणि मामाच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उमटत गेली. त्यानं मला एकच प्रश्न विचारला, सात गुणिले आठ किती. मी छप्पन्न सांगितलं. जगदेवचे कान लाल झाले होते. ते खरंच थोडे मोठे आहेत.

राखी जांभळ्या साडीत सगळ्यांना पोहे देत होती. निऱ्या मीच घातल्या होत्या. एवढी सुंदर मी तिला कधी पाहिली नव्हती, आणि जुन्या सवयीनं माझी नजर आधी जगदेवकडे गेली, तो कुणाकडे पाहतो ते बघायला. तो माझ्याकडे पाहत होता. मग मी राखीकडे पाहिलं. सगळ्यांच्या बशा भरल्या होत्या आणि ती आत निघून गेली होती.

मी दोन बशा घेऊन उठले. ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून जमिनीवर बसली होती, साडी सावरून. मी एक बशी तिच्या हातात दिली आणि शेजारी बसले. बाहेर मामाचा आवाज आला, पोरगी कुठं गेली?

राखीनं दोन घास खाल्ले. डोळे पुसले नाहीत, पण नाक पुसलं.

"जाय आता," ती म्हणाली. "तो वाट पाहून राह्यला असन."

"पाहू दे," मी म्हटलं आणि तिच्या बशीत लिंबू पिळलं.